हप्ता भाकड जात नाही

आमच्या घरातले मोठे हिशेब डेअरीच्या बिलाच्या मागं होतात. दर दहा दिवसांनी बिल येतं, मागची बाजू कोरी असते, आणि दादाला कोरा कागद विकत आणणं म्हणजे उधळपट्टी वाटते. माझ्या लग्नाचा खर्च, बोअरचा खर्च, आण्णांच्या मोतीबिंदूचा खर्च, सगळं कुठल्या ना कुठल्या बिलामागं लिहिलेलं आहे. गेल्या वर्षी बेंदूर उलटून पंधरा दिवस झाले असतील. पलूसजवळच्या आमच्या गावी गेले होते. जेवणं झाल्यावर दादानं असंच एक बिल उलटं केलं, वर श्री लिहिलं, खाली रेघ मारली आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

"मांड," म्हणाला. "तू ह्यातनं गेलीयास."

मांडायचं होतं भाच्याचं इंजिनिअरिंग. सीईटीला ८७ पर्सेंटाइल. वाईट नाही, पण पुण्यातली नावाजलेली कॉलेजं त्यात येत नाहीत. पोराला कॉम्प्युटरच पाहिजे. त्याच्या वर्गातल्या सगळ्यांनाच कॉम्प्युटर पाहिजे. २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं चांगल्या कॉलेजांसाठी एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची कमाल मर्यादाच काढून टाकली, तेव्हापासून कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढताहेत. सिव्हिल-मेकॅनिकलचे सर ओस वर्गात शिकवतात म्हणे.

दोन वाटा होत्या. पहिली, पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजात संस्थेच्या कोट्यातून कॉम्प्युटर. फी वर्षाला १ लाख ८० हजार, हॉस्टेल-मेस-येणंजाणं मिळून आणखी लाखभर. चार वर्षांचे ११ लाख २० हजार. घरातून तीनेक लाख उभे राहतील, उरलेले आठ बँकेचे. दुसरी, कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, सांगली-कोल्हापूरकडचं जे कॉलेज लागेल ते. तिथली फी १ लाख २० हजारांच्या घरात, आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आमच्यासारख्या घराला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम परत. घरची भाकरी, एसटीचा पास. कर्ज लागलंच तर तीन लाख. मेख अशी की ही निम्म्या फीची सवलत कॅपमधून प्रवेश घेणाऱ्यालाच मिळते. कोट्यातून गेलात की पूर्ण फी तुमची तुम्ही.

"पुण्याला प्लेसमेंट चांगली असती," भाचा म्हणाला. त्याच्या मोबाइलमध्ये त्या कॉलेजचा फ्लेक्स होता. पलूस स्टँडवरही तोच लागलाय. टाय घातलेला एक मुलगा आणि त्याच्या डोक्यावर ‘सर्वोच्च पॅकेज’ म्हणून चाळीस-पंचेचाळीस लाखांचा आकडा.

मी म्हटलं, हा एक मुलगा आहे. तू उरलेल्यांतला धर.

हे म्हणायचा मला थोडाफार हक्क आहे. २००५ साली मी कॉम्प्युटरला प्रवेश घेतला, तेव्हा आमच्या घरात बारावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. कॉलेज खासगीच. १९८३ मध्ये आमच्या सांगलीच्याच वसंतदादांनी मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. त्याआधी ऐपतवाल्यांची पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जायची आणि बिनऐपतवाल्यांची कुठंच जायची नाहीत. मी त्या उघड्या दारातून आत गेले, फक्त दारात बँक बसली होती.

वर्षाला ७० हजारांप्रमाणे चार वर्षांचं २ लाख ८० हजारांचं कर्ज. चार लाखांच्या आत तारण लागत नाही असा नियम होता, तरी शाखेतल्या साहेबांनी आण्णांना सातबारा आणायला लावला, तीनदा. चौथ्या वेळी आण्णा धोतराऐवजी पॅन्ट घालून गेले आणि काम झालं. पॅन्टमुळंच झालं, असं आण्णा शेवटपर्यंत सांगायचे.

आण्णांना कर्ज नवीन नव्हतं, पण त्यांना माहीत असलेलं कर्ज सोसायटीचं. मार्चअखेर नवं-जुनं करायचं, म्हणजे इकडून तिकडून उसनं घेऊन जुनं फेडायचं आणि लगेच नवं उचलायचं. ऊस गेला की बिल, बिल आलं की सोसायटी. शेतकऱ्याचं कर्ज हंगामाच्या गतीनं चालतं. आणि अधूनमधून माफीही येते, २००८ ला आली, २०१७ ला आली, २०१९ ला आली. आण्णांना वाटायचं, पोरीचं कर्जही असंच असणार, वर्षाला एकदा तोंड दाखवलं की झालं. दर महिन्याच्या पाच तारखेला मागणारं कर्ज त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं.

ऑगस्ट २००८ मध्ये, चौथ्या वर्षात पाय ठेवल्या ठेवल्या, कॅम्पसमध्ये एका मोठ्या कंपनीत माझी निवड झाली. गावात पेढे वाटले. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली. ती बातमी आमच्या हॉस्टेलच्या टीव्हीवर लागली तेव्हा आम्ही चॅनेल बदलला होता. जून २००९ ला डिग्री हातात आली, जॉइनिंग काही येईना. आधी ऑक्टोबर सांगितलं, मग जानेवारी, मग नुसतं ‘कळवू’. मी पलूसला एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना सी लँग्वेज शिकवायला लागले, महिना अडीच हजार. गावात लोक विचारायचे, "पेढं खाल्ल्यालं आठवतंय, नोकरीचं काय झालं?"

कर्जाच्या नियमात एक ओळ होती. परतफेड कधी सुरू होणार? नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी किंवा कोर्स संपल्यावर एक वर्षानं, यातलं जे आधी येईल तेव्हा. ‘जे आधी येईल ते’ हे शब्द सही करताना मी वाचले होते, पण नोकरी आधी येईल याबद्दल मला शंका नव्हती. आधी आलं ते वर्ष. जुलै २०१० ला हप्ता सुरू झाला. चार वर्षं आणि वरचं वर्ष मिळून साठलेलं व्याज साधारण १ लाख १० हजार. ते मुद्दलात मिळवलं, झाले ३ लाख ९० हजार, साडेअकरा टक्क्यांनी, साठ हप्ते. महिना ८,५७७ रुपये.

मी रुजू झाले सप्टेंबर २०१० मध्ये.

मधले जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचे तीन हप्ते कुणी भरले हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. मी समजत होते आण्णांनी. त्याकडं नंतर येते.

पॅकेज ३ लाख १० हजारांचं. हातात यायचे १९,४००. पॅकेज हा शब्द कुणी काढला देव जाणे, पण जुळवून काढलाय. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो, ग्रॅच्युइटी असते, विम्याचा हप्ता असतो, मिळाला तर मिळाला असा व्हेरिएबल पे असतो. बारानं भागून जो आकडा येतो तो हातात कधी येत नाही. १९,४०० मधून हप्ता गेला की राहिले पावणेअकरा हजार. धायरीत तिघींत खोली, डबा, पीएमटीचा पास. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघी कुणाच्या तरी वाढदिवसाची वाट बघायचो.

हलाखी म्हणून हे सांगत नाहीये, त्या वयात ते चालून जातं. मला मोजून दाखवायचंय ते वेगळं. २०११ मध्ये कर्वे रोडला आठ जणांची एक छोटी कंपनी होती, डिजिटल नकाशांचं काम करायची. त्यांनी मला बोलावलं, १५ हजारांवर. काम असं की मी रात्री त्याबद्दल विचार करत पडायचे. मोठ्या कंपनीत तेव्हा माझं काम काय, तर रात्रपाळीला एका परदेशी बँकेची तिकिटं, म्हणजे तक्रारी, बंद करणं. कुणाचा तरी रिपोर्ट अडकला की तो परत चालवायचा आणि ‘रिझॉल्व्ह्ड’ लिहायचं. मी १५ हजारांतून ८,५७७ वजा केले आणि नाही म्हणून कळवलं. वजाबाकीला दहा सेकंदही लागले नाहीत.

ती कंपनी पुढं दोन वर्षांत बंद पडली. त्यामुळं हळहळायलाही नीट जागा राहिली नाही. पण माझ्याऐवजी तिथं गेलेला वर्गमित्र त्या दोन वर्षांत जे शिकला, ते शिकायला मला पुढं सहा वर्षं लागली. त्याच्या वडिलांची जयसिंगपूरला पेढी होती, त्याच्यावर कर्ज नव्हतं. हुशारीत आम्ही उन्नीस-बीस. फरक एवढाच की त्याला पाच तारीख नव्हती.

नोव्हेंबर २०१३ मध्ये मी नोकरी बदलली. काढू नये म्हणतात तो पीएफ काढला, भिशी उचलली, दिवाळीचा बोनस घातला आणि उरलेले १ लाख ४८ हजार एकरकमी भरून खातं बंद केलं. एकूण भरले पाच लाख, म्हणजे २ लाख ८० हजारांवर २ लाख २० हजार व्याज. बँकेतून बाहेर पडून वडापाव खाल्ला. पुढं १७ फेब्रुवारी २०१४ ला अर्थमंत्री चिदंबरम यांनी अंतरिम अर्थसंकल्पात जाहीर केलं की ३१ मार्च २००९ पर्यंत घेतलेल्या आणि ३१ डिसेंबर २०१३ ला शिल्लक असलेल्या शैक्षणिक कर्जांचं तोवरचं थकलेलं व्याज सरकार भरणार. माझं खातं शिल्लक असायला पाच-सहा आठवडे कमी पडले. माझ्या वाट्याला त्यातलं किती आलं असतं याचा हिशेब मी मुद्दाम केला नाही. आण्णांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "सोसायटीत पन असंच असतंय. जो भरतो त्यो मरतो."

तर हे सगळं डोक्यात ठेवून मी बिलामागं आकडे मांडायला बसले.

आठ लाख, दहा टक्क्यांनी. वर्षाला दोन लाख उचलायचे. पहिल्या दोन लाखांवर पाच वर्षांचं व्याज, कारण चार वर्षं शिकण्याची आणि एक सवलतीचं. दुसऱ्यांवर चार, तिसऱ्यांवर तीन, चौथ्यांवर दोन. पाच आणि चार आणि तीन आणि दोन, चौदा. चौदा वर्षांचं व्याज, दर वर्षाला वीस हजार. पहिला हप्ता भरायच्या आधीच २ लाख ८० हजार चढलेले असतात. दादा कागदाकडं बघत राहिला. माझं अख्खं कर्ज तेवढं होतं, हे त्याच्याही लक्षात आलं असणार.

झाले १० लाख ८० हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे १४,२७०. एकूण जातील १७ लाखांच्या वर.

"आणि पगार?" दादा म्हणाला.

इथं मी जरा थांबले. मला मिळाले होते ३ लाख १० हजार. आज पंधरा वर्षांनी त्याच जातीच्या मोठ्या कंपन्या साध्या फ्रेशरला साडेतीन लाखांच्या आसपासच देतात. हातात पंचवीस-सव्वीस हजार. वेगळी परीक्षा देऊन वरच्या गटात गेलात तर सहा-सात लाख, पण ती मुलं थोडी. माझी नुसती फी वर्षाला पन्नास हजार होती, याची एक लाख ऐंशी हजार. फी साडेतीनपट झाली आणि पगार जागचा फारसा हलला नाही. हे भाच्याला कुणी सांगितलं नव्हतं. क्लासवाले कशाला सांगतील?

सरासरी पॅकेजही मी बघू नको म्हटलं. एकाला पंचेचाळीस लाख आणि नऊ जणांना साडेतीन, तर सरासरी साडेसातच्या वर जाते, पण साडेसात लाख मिळालेला माणूस त्या खोलीत नसतो. त्यापेक्षा कॉलेजच्या संकेतस्थळावर एनआयआरएफला, म्हणजे केंद्राच्या कॉलेज क्रमवारीला, पाठवलेली माहिती शोधायची. बहुतेकदा कुठल्या तरी कोपऱ्यात पीडीएफ असते. त्यात पास झाले किती, नोकरी लागली किती आणि मेडियन पगार किती, म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर मधल्याला किती, हे द्यावं लागतं. आम्ही पुण्याच्या त्या कॉलेजची पीडीएफ उघडली. भाच्यानंच वाचली. मग मोबाइल उपडा ठेवला.

तारणाचं वेगळंच. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमी योजनेमुळं तारण लागत नाही, त्याच्या वर गेलं की बँक मालमत्ता मागते. आणि शेतजमिनीला सरफेसी कायदा, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा कायदा, लागू नाही, म्हणून ती तारण घ्यायला बँका नाखूश असतात. म्हणजे दादाचं चार एकर बागायत बँकेच्या लेखी मोकळं रान, आणि गावठाणातलं दोन खोल्यांचं घर सोन्यासारखं. २०२४ पासून पीएम विद्यालक्ष्मी म्हणून योजना आहे, आठ लाखांच्या आतल्यांना व्याजात तीन टक्के सूट मिळते, पण ती ठरावीक वरच्या संस्थांसाठी. आमचं कॉलेज त्या यादीत नव्हतं.

दादानं १४,२७० चे वर गोल करून १४,३०० केले. मग डोळे मिटून म्हणाला, "पन्नास रुपयं लिटर धर म्हशीचं. फॅट लागली तर." मग स्वतःच, "म्हंजी दोनशे शहाऐंशी लिटर. रोजचं साडेनऊ. एक म्हैस दहा वर्सं बँकेच्या दावणीला."

"आणि पेंड?" वहिनी आतून म्हणाली. "पेंड कोन घालनार, बँक?"

तीन लाखांचंही मांडलं. वरचं व्याज १ लाख ५ हजार, दहा वर्षांचा हप्ता साडेपाच हजारांच्या आत. साडेतीन लिटर. एका वेळची धारसुद्धा नाही. दादाचा चेहरा जरा सैल झाला.

भाचा म्हणाला, "आत्या, पण तू तर घेतलंसच की कर्ज. घेतलं नसतंस तर?"

घेतलं नसतं तर डी.एड. करून लग्न झालं असतं, जूनमध्ये. माझ्या बरोबरीच्या पोरींचं झालं तसं. आज माझा पगार चांगला आहे, स्वतःचं घर आहे, आणि त्या पाच लाखांचा मला पश्चात्ताप नाही. हे मी त्याला सांगितलं. पण माझ्या वेळी हप्ता पगाराच्या पाचात दोनांहून थोडा जास्त होता, त्याच्या वेळी निम्म्याहून जास्त, आणि माझ्यापेक्षा दुप्पट वर्षं. तीनेक वर्षं मी आवडत्या गोष्टींना नाही म्हटलं. दहा वर्षं नाही म्हणायची सवय लागली तर माणसाला हो म्हणता येतं का, मला माहीत नाही. आणि तुझी जॉइनिंगची तारीख पुढं गेली तर? २०२२-२३ मध्ये परत तसंच झालं होतं, ऑफर लेटरं घेऊन पोरं घरी बसली होती. तेव्हा ते तीन हप्ते कोण भरणार?

तीन हप्ते म्हटल्यावर दादा उठून अडकित्ता शोधायला लागला.

मला ते कळलं खातं बंद करताना. साहेबांनी पासबुक भरून दिलं, त्यात पहिल्या तीन नोंदी रोखीच्या. ८,६००, ८,६००, ८,६००. पुढच्या सगळ्या माझ्या पगारातून, ८,५७७ च्या. पैशापैशाचा हिशेब ठेवणारे आण्णा तेवीस रुपये जास्त भरणार नाहीत. वर गोल करायची सवय आमच्या घरात एकालाच आहे.

"दादा, २०१० ला ते हप्ते कशातनं भरलेस?"

"कुठलं?"

"तू भरलेलं."

"दुधातनं." सुपारी कातरत म्हणाला. "दोन म्हशी हुत्या तवा."

"त्या पावसाळ्यात एक भाकड होती, मी घरातच होते की. धारा मी काढत होते."

"व्हती भाकड. हप्ता काय भाकड जातोय?" एवढंच बोलला. मग भाच्याला म्हणाला, "आत्याला फारम दाव तुझा."

कॅपचा ऑप्शन फॉर्म. भाच्यानं पुण्यातलं एक नावाजलेलं कॉलेज एक नंबरला ठेवलं. तिथली कॉम्प्युटरची जागा त्याला लागणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. एक नंबरला टाकलेलं लागलं तर घ्यावंच लागतं, एवढं मी सांगितलं. "लागलं तर घेईन की," तो म्हणाला. त्याच्याखाली सांगलीकडचं कॉम्प्युटर, मग आयटी, मग इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम. संस्थेच्या कोट्याचा विषय त्यानं परत काढला नाही. त्याला पटलं की त्यानं गिळलं, हे मी विचारलं नाही. अठराव्या वर्षी मलाही कुणी विचारलं नव्हतं.

धाकटी भाची एवढा वेळ भिंतीला टेकून दहावीची वही उघडून बसली होती. तिला मी सांगितलं, की २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून गेलं तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. दादानं मान वर केली. "म्हंजी हिचं भावापरास स्वस्तात?" आमच्या घरात मुलीचं काही मुलापेक्षा स्वस्तात व्हायची ही पहिलीच वेळ. वहिनी हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

भाचीनं काहीच न बोलता बिल ओढून घेतलं. डेअरीचं खातं हल्ली तीच बघते, कुठल्या म्हशीची फॅट किती हे तिला तोंडपाठ. तिनं माझ्या आकड्यांवर पेन्सिल फिरवली.

"आत्या, तुमचं चुकलंय," म्हणाली. "म्हैस वर्सातनं चार महिने आटती. ते धरलंच नाही कुनी. एका म्हशीवर भागत नाही, दीड लागती."

गोठ्यातून दादानं बादली आणायला हाक मारली, तेव्हा ती दीड म्हशीची पेंड काढत होती.